लिफ्टमधील पडदा : एका गृहनिर्माण संस्थेने विकलेले आणि परत घेतलेले लक्ष

पुण्यात कोथरूड भागात, पौड रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दोन्ही लिफ्टमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत जाहिरातींचे पडदे बसवलेले होते. ते कसे आले, वर्षभरात त्यांच्यामुळे काय घडले आणि ते का काढले, याची ही नोंद आहे. त्या काळात मी व्यवस्थापक समितीचा खजिनदार होतो. एजन्सीबरोबरच्या करारावर ज्या तीन सह्या आहेत त्यांतली एक माझी आहे आणि पडदे काढण्याचा ठरावही मीच मांडला, त्यामुळे ही तटस्थ निरीक्षकाची नोंद नाही हे आधीच सांगतो. संस्था, एजन्सी आणि सभासद यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण अशा इमारती आणि असे करार शहरात अनेक आहेत.

गरज खरी होती

आमच्या दोन विंग आहेत. खाली पार्किंग, वर सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरे, अशी एकूण छप्पन्न घरे. प्रत्येक विंगला एकच लिफ्ट, तीही लहान. आतल्या पाटीवर ‘६ प्रवासी, ४०८ किलो’ असे कोरलेले आहे. २०२३ च्या पावसाळ्यात दोन्ही लिफ्ट वारंवार बंद पडू लागल्या, तेव्हा देखभाल करणाऱ्या कंपनीने वायर रोप आणि कंट्रोल पॅनेल बदलण्याचे अंदाजपत्रक दिले. त्याआधीच्याच वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सर्वांकडून जादा वर्गणी घेतलेली होती, त्यामुळे पुन्हा हात पसरण्याचे धाडस समितीला होत नव्हते.

याच सुमारास एक जाहिरात एजन्सी आली. प्रत्येक लिफ्टमध्ये एक पडदा, बसवण्याचा खर्च त्यांचा, आणि संस्थेला दर लिफ्टमागे महिना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये, असा त्यांचा प्रस्ताव होता. करार तीन वर्षांचा, दोन्ही बाजूंना ६० दिवसांच्या नोटिशीची मुभा. पडदा बंद करायचा नाही, झाकायचा नाही, आणि त्यावर काय दिसेल ते एजन्सी आपल्या कार्यालयातून ठरवेल, ही कलमे आम्ही वाचली होती आणि ती आम्हाला खटकली नव्हती. समितीच्या एका बैठकीत वीसेक मिनिटांत प्रस्ताव मंजूर झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो, हे आम्हा सर्वांना पाठ होते. तरीही हा विषय सभेपुढे नेण्याएवढा मोठा आहे असे कोणालाच वाटले नाही. भिंतीवरची चार चौरस फूट जागा भाड्याने द्यायची, एवढेच त्याचे स्वरूप आमच्या डोळ्यांपुढे होते. पुढे जे घडले त्याचे मूळ मला याच समजुतीत दिसते. आम्ही भिंत भाड्याने दिली असे आम्हाला वाटत होते. एजन्सी मात्र भिंतीचे पैसे देत नव्हती. तीच भिंत गच्चीवरच्या मोकळ्या मशीन रूममध्ये देऊ केली असती तर तिने एक रुपयाही दिला नसता.

आवाज आठ दिवसांत बंद झाला

पडदे सुरू झाले तेव्हा त्यांना आवाज होता. लिफ्टच्या शाफ्टला लागून प्रत्येक मजल्यावर एका घराची झोपण्याची खोली येते, आणि रात्री अकरानंतर कोणी उशिरा आला की बिल्डरच्या नव्या प्रकल्पाची जाहिरात सात मजले चढत किंवा उतरत जाताना त्या खोल्यांमधून ऐकू येई. तिसऱ्याच दिवशी सेक्रेटरींना फोन सुरू झाले. आठव्या दिवशी एजन्सीने आवाज कायमचा बंद केला. त्यासाठी सभा झाली नाही, मतदान झाले नाही, आणि ‘ज्याला ऐकायचे नसेल त्याने कान बंद करावेत’ असे म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

या सहजतेकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. नंतर मात्र हा तपशील मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटू लागला. आवाजाच्या बाबतीत आपल्या समाजाची आणि कायद्याची समजूत बऱ्यापैकी पक्की झालेली आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात दिलेल्या निकालात याहून मूलभूत गोष्ट सांगितली आहे : एखाद्याला बोलण्याचा अधिकार असेल, तर दुसऱ्याला ते ऐकण्याचा किंवा ऐकायला नकार देण्याचा अधिकार आहे, आणि कोणावरही ऐकण्याची सक्ती करता येत नाही. पुण्यात गणेशोत्सवात दरवर्षी याच तत्त्वावर वाद होतात, त्यामुळे ते आपल्याला परके नाही. कानाला नकार देण्याचा हक्क आहे, हे आम्ही आठ दिवसांत मान्य केले. डोळ्यालाही तो असू शकतो, हे मान्य करायला आम्हाला पुढे वर्ष लागले.

डोळ्याबाबत नेहमीचे उत्तर असे असते की, नजर वळवता येते. रस्त्यावरच्या फलकाच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरेही आहे. आमच्या लिफ्टमध्ये मात्र सहा माणसांना जेमतेम उभे राहता येते. पडदा बटणांच्या पट्टीच्या शेजारी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, दोन-अडीच फुटांवर होता आणि त्यावरचे चित्र दर दहा सेकंदांनी बदलत असे. नजरेच्या कडेला काही हलले किंवा उजेड एकदम बदलला की डोळे तिकडे आपोआप वळतात. त्यात माणसाच्या इच्छेचा भाग फार थोडा असतो. धोका ओळखण्यासाठी शरीराने मिळवलेली ही जुनी सोय आहे, आणि हलणारी जाहिरात नेमकी तिचाच उपयोग करून घेते. सवयीने माणूस दुर्लक्ष करायला शिकतो हे खरे आहे. पण दुर्लक्ष करणे हेही एक काम आहे आणि ते ज्याने मागितले नाही त्याच्याकडून रोज करून घेतले जाते.

कोणाला टाळता आले आणि कोणाला नाही

पहिले दोन-तीन महिने पडद्याविरुद्ध लेखी तक्रार एकही नव्हती. समितीने त्याचा अर्थ संमती असा घेतला. माझे मत बदलले ते बी विंगमधल्या पाचव्या मजल्यावरच्या एका घरामुळे. त्या घरातील गृहस्थांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी जावे लागते. एकेक सत्र सुमारे चार तासांचे. जिना चढणे त्यांना अशक्य आहे, त्यामुळे आठवड्याला किमान सहा वेळा लिफ्ट. फेब्रुवारीत पडद्यावर एका रुग्णालयाच्या तपासणी पॅकेजची जाहिरात सुरू झाली. तिच्यात मूत्रपिंडाचे चित्र लाल होत जाई आणि खाली ‘वेळीच ओळखा’ अशी ओळ येई. जाहिरातीत खोटे काही नव्हते. कोणत्याही नियमावलीच्या कसोटीवर ती आक्षेपार्ह ठरली नसती.

एका दुपारी मेंटेनन्सचा चेक द्यायला त्या गृहस्थांच्या पत्नी आमच्या घरी आल्या होत्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, “अहो, तुम्ही हिशेब बघता म्हणून विचारते. ती लिफ्टमधली जाहिरात बदलता येते का हो? ह्यांना हल्ली लिफ्टमध्ये शिरल्यावर डोळे मिटून घ्यायची सवय लागली आहे. मग पाचवा मजला आला की मी दंडाला हात लावते.” तक्रार म्हणून त्या हे सांगत नव्हत्या, आवाजही चढलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी योगायोगाने मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये होतो. दार सरकले, गृहस्थांनी एका हाताने मागची दांडी धरली, डोळे मिटले आणि चेहरा आरशाकडे वळवला. खाली पोचेपर्यंत ते तसेच उभे होते. आपल्या सहीने काय झाले आहे, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

एजन्सीला कळवून ती जाहिरात काढून घेतली. पण त्यानंतर मी लिफ्टकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो, आणि कोण किती वेळा चढतो-उतरतो हे मोजू लागलो. पहिल्या मजल्यावरच्या आठ घरांतील बहुतेक मंडळी जिन्यानेच जातात. धडधाकट तरुणांना कंटाळा आला तर तेही जिन्याने उतरतात. ज्यांना लिफ्टवाचून गत्यंतर नाही ते म्हणजे वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया, लहान मूल कडेवर असलेल्या आया आणि ओझे वाहणारे लोक. यांतही सर्वांत जास्त फेऱ्या होत्या त्या घरकाम करणाऱ्या मावश्यांच्या आणि पार्सल आणणाऱ्या मुलांच्या. एकेक मावशी सकाळी चार घरे करते आणि आठ-दहा वेळा लिफ्टमध्ये शिरते. त्यांना सभेत मत नाही, आणि भाड्यातला एक पैसाही त्यांच्याकडे जात नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो. लिफ्ट वापरता की नाही, हा प्रश्न तेथे येत नाही. खर्चाला हा नियम न्याय्य आहे. उत्पन्नालाही तोच नियम लागल्यावर मात्र चित्र पालटले. ७२,००० रुपये छप्पन्न घरांत वाटले तर प्रत्येक घराचा महिन्याला सुमारे १०७ रुपयांचा बोजा कमी होत होता. पहिल्या मजल्यावरच्या घराचाही तेवढाच आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या घराचाही तेवढाच. किंमत मात्र एकाने भरायची नव्हती आणि दुसऱ्याने आठवड्याला सहा वेळा भरायची होती. बहुमताने असा निर्णय घेतला तरी तो बरोबर ठरत नाही, कारण बहुमत जे विकत असते ते मुख्यतः दुसऱ्याचे असते.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी वीज गेली आणि ए विंगची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत एक मावशी एकट्याच होत्या. अडकल्यास काय करावे याच्या सूचना आणि देखभाल कंपनीचा दूरध्वनी क्रमांक असलेली पाटी पडद्याच्या चौकटीमागे गेलेली होती, ही गोष्ट बसवताना आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. घंटा वाजवून वॉचमन येईपर्यंत आणि दार उघडेपर्यंत पंधरा मिनिटे गेली. इजा झाली नाही. पाटी दुसऱ्या बाजूला लावून घेतली. हा जाहिरातीचा दोष नव्हे, समितीच्या बेफिकिरीचा दोष आहे. तरीही जागा विकताना ती जागा आधी कशासाठी होती याचा विसर कसा पडतो, हे त्यातून दिसले.

‘आपला पडदा कोणाच्या डोक्यावर पडणार नाही’

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलामोठा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फलकांची चर्चा सुरू झाली. पुणेकरांना असे अपघात नवे नाहीत. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुन्या बाजाराजवळ शाहीर अमर शेख चौकात फलकाचा लोखंडी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळून चार जण गेले, आणि १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे पावसापासून आडोशाला उभे राहिलेले पाच जण. त्या चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिले, “आपला पडदा निदान कोणाच्या डोक्यावर पडणार नाही.” त्यांचा हेतू सरळ होता आणि त्यांचे म्हणणे खरेही होते. परंतु सार्वजनिक जागेतल्या जाहिरातींबद्दल आपण एरवी कोणत्या भाषेत बोलतो, ते त्या एका वाक्यात आले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे २४४ आणि २४५ आकाशचिन्हे (म्हणजे इमारतींवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे फलक) आणि जाहिराती यांच्या परवानगीबद्दल आहेत. कार्यालयांत आणि न्यायालयांत वाद होतात ते फलक कायदेशीर आहे का, त्याचा आकार मंजुरीएवढा आहे का, सांगाडा भक्कम आहे का, शुल्क भरले आहे का, यांवर. हे सगळे प्रश्न आवश्यकच आहेत, कारण माणसे मेलेली आहेत. पण लोखंड भक्कम असले, परवानगी असली आणि शुल्क भरलेले असले, तरी समोरच्या माणसाच्या मनाचा तुकडा त्याला न विचारता घेतला जातो, याबद्दल बोलायला आपल्याकडे शब्दच नाहीत.

खासगीपणाच्या हक्काबाबत २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेल्या निकालात एक विचार आहे, जो मला येथे जवळचा वाटतो : माणूस सार्वजनिक जागेत आला एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही. तो निकाल जाहिरातींबद्दलचा नाही, आणि लिफ्टमधल्या पडद्याला तो थेट लागू होतो असा माझा दावा नाही. आमच्या पडद्याला कॅमेरा नव्हता, त्यामुळे कोणाची माहिती गोळा होत होती असेही नाही. पण चार भिंतींबाहेर पडलेला माणूस म्हणजे सर्वांसाठी मोकळे रान, ही समजूत तो निकाल नाकारतो, आणि आमच्या चर्चेला तेवढा आधार पुरेसा होता.

अर्धवट उपाय

मे ते ऑगस्ट या काळात समितीने बरेच मधले मार्ग करून पाहिले. रात्री दहा ते सकाळी सहा पडदे बंद ठेवायचे ठरले आणि एजन्सीने ते मान्य केले. उजेड कमी केला. संस्थेच्या सूचना, पाण्याच्या वेळा, सभेची नोटीस यांना दर तासाला काही मिनिटे मिळावीत अशी मागणी केली. ती मान्य झाली, पण त्याचा परिणाम उलट झाला. पाणी बंदची सूचना पाहण्यासाठी लोक पडद्याकडे मुद्दाम पाहू लागले आणि तिच्या आधी-नंतरच्या जाहिराती अधिकच टळेनाशा झाल्या. ज्याच्याकडे पाहणे आवश्यक आहे आणि ज्याच्याकडे न पाहण्याची मोकळीक हवी, ते एकाच चौकटीत आणणे ही आमची सर्वांत मोठी चूक होती असे माझे मत आहे.

कोणत्या जाहिराती नकोत याची यादीही करून पाहिली. ऑनलाइन रमी नको, यावर एकमत झाले. झटपट कर्जाच्या जाहिराती नकोत, यावर जवळजवळ झाले. पुढे मात्र प्रत्येकाची यादी वेगळी निघाली. कोणाला वजन घटवण्याची औषधे नको होती, कोणाला खासगी क्लासच्या गुणवंतांची छायाचित्रे नको होती, कारण त्यांचा मुलगा त्या वर्षी बारावीला नापास झाला होता. तेव्हा लक्षात आले की, कोणती जाहिरात कोणाला कुठे लागेल हे समितीला कधीच कळणार नाही, आणि ते कळावे म्हणून प्रत्येकाने आपले दुखणे समितीपुढे उघड करावे अशी अपेक्षा करणे तर त्याहून वाईट. यादीचा मार्ग तेथे सोडून दिला.

ऑगस्टमध्ये मी सभेसाठी हिशेब मांडला. एका माणसाच्या दिवसाला चार फेऱ्या आणि एका फेरीला चाळीस सेकंद धरले, तर वर्षाचे सोळा तास होतात. चौघांच्या कुटुंबाचे सुमारे पासष्ट. त्याबदल्यात त्या कुटुंबाचे वर्षाला १,२८६ रुपये वाचतात, म्हणजे तासाला वीस रुपयांच्या आसपास. त्यावर एका सभासदांनी विचारले की, लिफ्टमधला वेळ नाही तरी फुकटच जातो, मग तो विकला तर बिघडले काय. प्रश्न योग्य होता आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. लिफ्टमधल्या चाळीस सेकंदांत पूर्वी काय होत असे, ते आठवून पाहिले. सहाव्या मजल्यावरचे आजोबा पहिलीतल्या नातवाला घेऊन जाताना त्याला दाराच्या वरचे लाल आकडे वाचायला लावत. ‘तीन गेला, आता कोण येणार?’ असा त्यांचा खेळ चाले. लोक एकमेकांना ‘आज लवकर?’ असे विचारत. बरेचसे काहीच करत नसत, आणि दिवसभराच्या कामानंतर घराच्या दारापर्यंतचे ते काहीच न करणे बहुधा सर्वांत गरजेचे असे. रिकामा वेळ म्हणजे बेवारस वेळ नव्हे. ज्याचा तो आहे, त्यानेच तो कशात घालवायचा किंवा घालवायचा नाही हे ठरवायचे असते.

लेखापरीक्षकांनी त्याच सुमारास एक मुद्दा सांगितला, तो हिशेबाचा असला तरी मला फार मोलाचा वाटला. सभासदांकडून सभासदांसाठी गोळा केलेली वर्गणी ‘परस्परता’ या तत्त्वामुळे संस्थेचे करपात्र उत्पन्न ठरत नाही. बाहेरच्याकडून आलेल्या पैशाला ते तत्त्व लागत नाही. २०१३ च्या बंगळूर क्लबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. म्हणजे आयकराच्या नजरेनेही हा आपापसातला व्यवहार नव्हता. बाहेरच्या माणसाला आम्ही काहीतरी विकले होते.

सभा

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी, २२ सप्टेंबर २०२४ रोजी, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून वार्षिक सभा झाली. छप्पन्नपैकी अडतीस सभासद हजर होते. ठरावाची भाषा मी तीन वेळा बदलली होती. ‘पडदे काढावेत’ असा ठराव मांडला असता तर वाद पडद्यापुरता झाला असता. अखेर शब्द असे ठरले : ‘इमारतीच्या ज्या भागात माणसाला आपल्या गरजेसाठी थांबावेच लागते आणि तेथून दूर होता येत नाही, त्या भागात कोणताही व्यावसायिक मजकूर लावू नये.’

विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती. शहरातले कितीतरी बसथांबे जाहिरातीच्या हक्कांच्या बदल्यात उभे राहिले आहेत, आणि ती जाहिरात नसती तर तेथे उन्हात उभे राहावे लागले असते, हे त्यांनी दाखवून दिले. लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या दहा दिवसांत प्रायोजकांच्या कमानी असतातच, आपण त्यांच्याखालून जातोच, असेही कोणी म्हणाले. मी उत्तर दिले ते असे की, थांब्यावरच्या जाहिरातीकडे पाठ करून रस्त्याकडे पाहता येते, आणि बस यायची वाट पाहणारा माणूस रस्त्याकडेच पाहत असतो. कमान मागे पडते आणि विसर्जनानंतर उतरते. जाहिरात असणे हा माझा आक्षेप नव्हता. दुकानावरची पाटी नसेल तर दुकान सापडणार नाही. आक्षेप होता तो हलणाऱ्या चित्रासमोर माणसाला कोंडून ठेवण्याला.

मी सभेत वॉशिंग्टनचेही एक जुने प्रकरण सांगितले. तेथील ट्राम आणि बसगाड्यांत ध्वनिवर्धक लावून संगीत आणि मध्ये जाहिराती ऐकवत असत, आणि १९५२ साली ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. बहुसंख्य प्रवाशांची हरकत नाही, असे पाहणीत आढळले होते, आणि न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी विरोधी मत नोंदवले. गाडीने जाणे ज्याला भाग आहे त्याच्यापुढे बसून ऐकण्यावाचून दुसरा मार्ग नसतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी तर सुनावणीत भागच घेतला नाही, कारण आपण स्वतः त्या प्रकाराचा त्रास सोसत आहोत आणि आपल्या भावना त्यात फार गुंतल्या आहेत, असे त्यांनी लिहून दिले. बहुसंख्यांची हरकत नसणे म्हणजे प्रश्न नसणे नव्हे, एवढेच मला त्यातून सांगायचे होते.

पण मते वळली असतील तर ती माझ्या भाषणाने नव्हे. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, “मी लिफ्ट वापरत नाही, माझे शंभर रुपये वाचतात, म्हणून माझा याला विरोध असायला हवा. पण माझ्याकडे पोळ्या करायला येते ती पुढे वरची तीन घरे करते. तिच्या वाटचे मी कोण विकणार?” त्यानंतर मतदान झाले. ठरावाच्या बाजूने सव्वीस, विरोधात नऊ, तटस्थ तीन. विरोधातल्या नऊपैकी पाच मते पहिल्या मजल्यावरची होती. त्याच सभेत दर घरामागे महिना ११० रुपये दुरुस्ती निधीत वाढवण्याचा ठरावही मंजूर झाला. त्यातून वर्षाला ७३,९२० रुपये येतात, म्हणजे गेलेल्या भाड्यापेक्षा थोडे जास्तच. ज्या दोन घरांना ही वाढ जड होती, त्यांचा भाग इतर काही सभासदांनी नाव न सांगता उचलला.

नंतर

एजन्सीने ६० दिवसांची नोटीस स्वीकारली, दंड मागितला नाही आणि नोव्हेंबरअखेर पडदे उतरवून नेले. भिंतीवर चार-चार स्क्रूंची भोके राहिली, ती अजून आहेत. तळमजल्यावर पत्रपेट्यांच्या शेजारी आम्ही एक कॉर्कबोर्ड लावला आहे. डब्याची जाहिरात, गाण्याचा क्लास, भाड्याने खोली, अशा कागदाच्या चिठ्ठ्या तेथे लावायला परवानगी आहे. ज्याला वाचायचे तो थांबतो, इतर पुढे जातात.

ठरावाचा शब्द आमच्या फाटकापर्यंतच चालतो. फाटकाबाहेरच्या चौकात एक एलईडी फलक आहे, आणि ए विंगच्या सहाव्या-सातव्या मजल्यांच्या गॅलऱ्या त्याच्या उजेडात येतात. त्याची चौकट आमच्या पडद्याच्या शेकडोपट असली तरी प्रश्न तोच आहे : लाल सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराला तेथून दूर होता येत नाही, आणि सिग्नल सुटल्यावर त्याची नजर रस्त्यावर असणे ही त्याच्याइतकीच समोरून रस्ता ओलांडणाऱ्याची गरज असते. वाहन चालवताना दोन सेकंदांहून अधिक काळ नजर रस्त्यावरून हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात चुकलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो, असे अमेरिकेत शंभर गाड्यांवर उपकरणे बसवून केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे रस्त्यालगतच्या जाहिरातींबाबतचे धोरण, आयआरसी ४६, १९७२ पासून उपलब्ध आहे, आणि चौकांपासून जाहिराती ठरावीक अंतरावर असाव्यात असे ते सांगते. १९७२ मध्ये आजच्यासारखे एलईडी पडदे आपल्या चौकांत नव्हते. २००७ पासून ब्राझीलमधल्या साओ पाउलोसारख्या अवाढव्य शहराने बाहेरचे जाहिरात फलक कायद्याने हटवले, हे आमच्या सभेत एका तरुण सभासदाने सांगितले, तेव्हा बऱ्याच जणांना ते अशक्य वाटले होते. मला आमच्या चौकासाठी एवढे मोठे काही मागायचे नाही. चित्र हलू नये, ते रात्री मंद व्हावे आणि सिग्नलच्या दिशेला फलकाचे तोंड नसावे, या तीन मागण्या आम्ही लेखी दिल्या आहेत. अर्जासोबत सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून रात्री साडेअकराला घेतलेली छायाचित्रे आहेत. त्यांत भिंतीवर दर काही सेकंदांनी पांढरा, निळा आणि लाल उजेड पडलेला दिसतो, आणि भिंतीलगत मांडलेल्या तुळशीच्या कुंडीचा रंग प्रत्येक छायाचित्रात वेगळा आहे.